चुकलेल्या पावत्या

२०१८ सालचा फेब्रुवारी. पालघरला ‘सागरकवी भगवंत तरे स्मृतिदालन’ उघडायचं होतं आणि चंद्रकांता सातपाटीहून सकाळच्या एसटीने येऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत छत्री. फेब्रुवारीत छत्री कशाला, तर असू द्यावी. स्टेजवर भगवंताचा फोटो होता. फोटोत तो कोटात होता. जन्मभर माणूस गंजीफ्रॉक आणि दुमडलेल्या लेंग्यात वावरला. मेल्यावर नऊ वर्षांनी कुण्या कॉम्प्युटरवाल्याने त्याला कोट शिवला.

“कोट हवाच होता त्याला, बर्फाच्या खोलीत,” ती शेजारच्या बाईला म्हणाली. “तवा कोनी दिला नाय.”

बाई ओळखीची नव्हती. ती जरा सरकून बसली.

भगवंत मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यात लाद्या फोडायचा. त्याच कारखान्याच्या खिडकीत बसून चंद्रकांता पावत्या लिहायची. बोटीचं नाव, बोट चालवणाऱ्या तांडेलाचं नाव, बर्फ किती. एकतीस वर्षं. पावती शाईनेच लिहायची, हा सेक्रेटरी बन्सीशेठचा नियम. तिचं अक्षर वळणदार होतं आणि ते तिला ठाऊक होतं. त्यापलीकडे तिने आयुष्यात काही लिहिलं नाही. नवऱ्याला पत्र लिहायची वेळच आली नाही. तो रोज घरी यायचा.

भगवंत कविता करतो हे गावाला माहीत होतं, जसं एखादा तोतरा आहे हे माहीत असतं. त्याला कागद लागायचा. बन्सीशेठ कोऱ्या कागदाला स्वतःच्या चामडीसारखा जपायचा, रद्द झालेली पावती तेवढी फेकून द्यायचा. म्हणून चंद्रकांता चुकायची. ‘जलपरी’च्या जागी ‘जयलक्ष्मी’ लिहायची, आडवी रेघ मारायची, ‘रद्द’ म्हणून खिडकीखाली टाकायची. भगवंत ती उचलायचा. जेवणाच्या सुट्टीत कानावरची बोटभर पेन्सिल काढून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचा. त्याची पेन्सिलच, बर्फाच्या ओलीत शाई टिकत नाही. लिहून झालं की तिच्या टेबलाखालच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. घरी नेलं तर वहिनी चूल पेटवायला घ्यायची.

आपण मुद्दाम चुकतो हे चंद्रकांता कुणाला बोलली नाही. भगवंतालाही नाही. बोलायचा तो बन्सीशेठ, आणि तोही चारचौघांत. “म्याट्रिक झालीस म्हंतेस ना गो? का मास्तरला पापलेट देऊन पास झालीस?” दोनदा तिची बढती हुकली. ऑफिसातली खुर्ची तिच्या मागून लागलेल्यांना मिळाली, ती खिडकीतच राहिली.

बरं, कवितांचं तिला प्रेम होतं असंही नाही. डब्यातल्या दोनच तिने वाचल्या. एकीत समुद्र रडत होता. रोज समुद्र बघणाऱ्या माणसाने असं लिहावं याची तिला लाज वाटली आणि पुढच्या तिने उघडल्याच नाहीत. तरी चुकत राहिली. का, असं कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, “लिवताना गप बसायचा तो. नायतर डोकं खायचा.”

काकाच्या मयतालाही न आलेला भगवंताचा पुतण्या भाग्येश गेल्या पावसाळ्यात डबा मागायला तिच्या दारात उभा राहिला. ती देईना. तेव्हा म्हणाला, “काकू, काचेत ठेवणार डबा. तुमचं अक्षर पण दिसेल लोकांना.” या एका वाक्यावर तिने डबा दिला. आज ती भगवंतासाठी आलीच नव्हती. आपलं अक्षर काचेखाली कसं दिसतं ते बघायला आली होती.

भगवंताला ज्यांनी ‘शोधून काढलं’ त्या बोईसरच्या कॉलेजातल्या डॉ. उत्कर्षा देवरे बोलायला उभ्या राहिल्या. शोधून काढलं म्हणे. जसा काही तो हरवला होता.

“मित्रहो, कल्पना करा,” मॅडम म्हणाल्या, “एका अर्धशिक्षित कारकुनाने चुकवून टाकलेल्या पावत्या. त्या अडाणी चुकांच्या पाठीवर या माणसाने समुद्र उभा केला.”

टाळ्या पडल्या. लोक हसले. भाग्येश सगळ्यात जोरात हसला. चंद्रकांताने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

फीत कापून झाल्यावर ती आत गेली. काचेत सोनेरी टोकाचं पेन होतं. चष्मा होता, भगवंताची नजर मरेपर्यंत घारीची होती. शाली होत्या, एका पुढाऱ्याचं शुभेच्छापत्र होतं, टाइप करून प्लास्टिकमध्ये घातलेल्या कविता होत्या. डबा नव्हता.

“डबा कुठाय रे?”

“काकू, त्याला मासळीचा वास येत होता,” भाग्येश हळू आवाजात म्हणाला. “एसीत कोंडतो. पाहुणे येतात.”

“बर्फाच्या पावत्यांना काय मोगऱ्याचा येनार?”

“मजकूर सगळा सुरक्षित आहे, मावशी,” मॅडम मध्ये पडल्या. “पुढच्या बाजूला तसं काही नव्हतंच. नुसती बोटींची नावं.”

“नुसती,” चंद्रकांता म्हणाली. मग काचेवर बोट ठेवून तिने भाग्येशला विचारलं, “आनी हा पेन?”

“काकांचा.”

“तुज्या काकाने कान खाजवायलाबी कदी पेन धरला नाय.”

झाडणारी नवसी दारात उभी राहून ऐकत होती. तिने चंद्रकांताला खुणेने जिन्याखाली नेलं. “आजी, टाकाय सांगलेला मला. डबा बेस होता, म्हून ठेवला.” डब्यात फिनाइलच्या बाटल्या होत्या. पावत्या शेजारच्या पिशवीत, फरशी पुसायच्या बादलीला टेकून, चिंब.

चंद्रकांताने डबा नवसीलाच ठेवू दिला. पावत्यांची पिशवी छातीशी धरून ती एसटीत बसली. तिच्या पातळावर निळे डाग पडत होते.

अंगणात बोंबील वाळत होते. तिने एक दोरी मोकळी केली आणि पावत्या एकेक सुटी करून चिमट्यांनी लावल्या. पुढच्या बाजूला काही उरलं नव्हतं. ‘जलपरी’ नाही, ‘जयलक्ष्मी’ नाही, एकतीस वर्षांचं वळण नाही. निळे ढग नुसते. मागची पेन्सिल मात्र जशीच्या तशी.

पुढे दालनाचा एसी दुसऱ्याच वर्षी बंद पडला. आता तिथे पोलीसभरतीचा क्लास चालतो. उत्कर्षा मॅडमना भगवंतावरच्या प्रबंधाने बढती मिळाली आणि त्या नाशिकला गेल्या. भाग्येश निवडणुकीला उभा राहिला. अर्जावर सही करायला काचेतलं पेन घेऊन गेला, पडला, पेन काही परत आलं नाही. बन्सीशेठ लकव्याने गेला. शोकसभेत त्याच्या काटकसरीचे गोडवे गायले गेले. नवसीच्या घरी त्या डब्यात तांदूळ असतात.

राहिली चंद्रकांता. ती सातपाटीतच आहे. दालन उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोंबील परतावेत तशा ती पावत्या परतत होती, तेव्हा एकीच्या मागे कविता नव्हती. एकच ओळ होती, कधीच तिच्या हातात न दिलेली.

‘चंद्रकांता, उद्या दोन पावत्या चुक. ही लांब हाय.’

तिने ती ओळ दोनदा वाचली.

“मेल्या,” ती म्हणाली, आणि पावती पुन्हा दोरीला लावली. अजून ओलसर होती.