शेवंतीची बोटे आणि मी

मित्रांनो, मी एक जुने छापयंत्र आहे. पुस्तकांचे नव्हे, चित्रांचे. दोन लोखंडी रूळ आणि एक मोठे चाक, एवढाच माझा देह. त्या रुळांची मला अजूनही भीती वाटते.

१९८३ साली ठाण्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कोळीवाड्यातल्या गोमाजी नाखव्याची मुलगी शेवंती मला घरी घेऊन आली. जस्ताच्या पत्र्यावर ती सुईने खाडी कोरायची, जाळी विणणारी माणसे कोरायची. पत्र्याला शाई लावून, वर ओला कागद आणि जाड लोकरी कापड घालून ती म्हणायची, "फिरव गो वयनी!" मग तिची भावजय ठमाबाई चाक फिरवायची आणि सगळे रुळांमधून दाबून निघायचे. मुंबईच्या प्रदर्शनात चित्रे लागली तेव्हा अख्खा कोळीवाडा बघायला गेला. मीही फुशारून गेलो होतो.

१९९१ च्या श्रावणात ते घडले. कापडाला सुरकुती पडली म्हणून शेवंतीने हात पुढे केला. पलीकडे उभ्या ठमाबाईला ते दिसले नाही. तिने चाक फिरवले. मला थांबता आले नाही. शेवंतीच्या उजव्या हाताची तीन बोटे चिरडली.

"ही अवदसा उद्याच भंगारात घालतो!" तिचा भाऊ राघो ओरडला. पण दवाखान्यातून शेवंतीचा निरोप आला, यंत्राला कुणी हात लावायचा नाही.

तीन वर्षे मी गोणपाटाखाली गंजत पडलो. दार वाजले की वाटे, भंगारवाला आला. त्याहून मोठी भीती वाटे ती शेवंती येण्याची. तिला तोंड कसे दाखवणार? पलीकडच्या खोलीत ती डाव्या हाताने रंगवायला शिकत होती. ब्रश खाली पडल्याचा आवाज मला सारखा ऐकू यायचा.

एके सकाळी गोणपाट निघाले. शेवंतीने रॉकेलने माझा गंज पुसला, तेल घातले आणि डाव्या हाताने कोरलेला पत्रा ठेवला.

"वयनी, चल."

ठमाबाई दारातच रडू लागली. "नाय गो बाय. माजा हातच उठत नाय."

"मना पन भ्या वाटतं. म्हनून मी दोनी हात वर करीन. ते बघ, मंगच फिरव."

दोन्ही हात वर गेले. ठमाबाईने ते मोठ्याने मोजले आणि डोळे उघडे ठेवून चाक फिरवले. माझे रूळ करकरत फिरले. कागदावरच्या रेषा वाकड्या, थरथरत्या होत्या. शेवंती कितीतरी वेळ बघत राहिली.

"हे माजं हाय," ती म्हणाली.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, फडके मारा; पण त्याच्यावर विसंबू नका. रुळांमध्ये कागद आहे की बोट, हे मला आजही कळत नाही. चाकाला हात घालण्याआधी तुम्हीच एकदा बघा.