आरोहीचा नमस्कार

"वाक. आनखी वाक. पाठ कावून ताठ ठिवायलीस? बाभळीचं लाकूड हाय का?"

तंबूच्या तोंडाशी केशरबाई खुर्ची टाकून, पाय पुढे करून बसल्या होत्या. सहा वर्षांच्या आरोहीनं आजीचे पाय पाहिले, मग आजीचं तोंड पाहिलं आणि उजवा हात पुढे केला. तिकडे जर्मनीत मोठ्यांना असंच भेटतात. हात द्यायचा, डोळ्यांत बघायचं, हसायचं.

"हात काय देतीस? बैलाचा सौदा करायलीस का माज्याशी?"

पोरीनं हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला.

केशरबाईंचा जीव या एका नमस्कारात अडकला होता. त्याला कारण त्यांची धाकटी जाऊ, वनमाला. केशरबाईंचा मुलगा शिवशंकर इतक्या वर्षांनी बायको-लेक घेऊन गावी, चकलांब्याला आला, तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या गोऱ्या सुनेनं सासऱ्याला कडकडून मिठी मारली, भर गल्लीत. मोहनराव माजी सरपंच, जन्मभर लोकांचे रामराम घेतलेला माणूस. गोठ्याच्या मेढीसारखे ताठ उभे राहिले, टोपी सुनेच्या खांद्यावर. वनमाला तोंडात पदर कोंबून हसली आणि जाता जाता म्हणाली, "आक्का, नातीला तरी पाया पडाय शिकवा. न्हाईतर ती बी उद्या गड्यामानसाच्या गळ्यात पडायची."

ते वाक्य केशरबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतलं होतं. सुनेचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. गोरी, एवढंच. सून हातची गेलेलीच होती. नात जाऊ द्यायची नव्हती.

तंबूंचं खूळही गोरीचंच. शेताच्या कडेच्या पाझर तलावाच्या काठी, कापडात झोपायचं.

"एवढ्या खोल्या बांदल्या," मोहनराव म्हणाले, "अन् सून म्हनती, ऊसतोड्यावानी कोपीत ऱ्हाऊ."

"ऊसतोड्याला लाज तरी वाटती," केशरबाई म्हणाल्या.

पण त्या आल्या. दुसऱ्या दिवशी हुरड्याला सगळी भावकी तिथंच यायची होती, वनमालासकट. सगळ्यांसमोर नात आपल्या पायांवर डोकं ठेवणार, मग बघू कोण हसतं ते.

भाकरी थापायला घरी कामाला येणाऱ्या सुभद्राबाईला आणलं होतं. जन्मभर कोयता चालवून कंबर गेलेली. दिवाळीनंतर लेक, सून, नातवंडं ऊस तोडायला कारखान्यावर गेली आणि म्हातारी कुलपं लावलेल्या गल्लीत मागे राहिली. केशरबाईंपेक्षा वयानं चांगली मोठी, पण केशरबाई तिला "सुभद्रे" म्हणत आणि ती "बाईसाब" म्हणे.

तिनं तीन दगडांची चूल मांडली, पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि आरोहीला जवळ बोलावलं. पोरीच्या तोंडावरून दोन्ही तळवे फिरवले, ते आपल्या कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. कडाकडा.

आरोही दचकली. मग म्हणाली, "परत!"

"आगं, हिला लईच ग्वाड वाटलं की," म्हणत सुभद्रानं पुन्हा बोटं मोडली. पोरीनं आपल्या कानशिलांवर करून पाहिलं. कोवळी बोटं, मोडतात कुठली? मग तिनं तोंडानंच आवाज काढला, "कट कट कट."

केशरबाई तंबूतून बघत होत्या. नात आल्यापासून त्यांनी तिच्यावरून हात फिरवला नव्हता. आधी पोरीनं पाया पडावं, मग जवळ घ्यावं. रीत ती रीत.

सकाळी आगटी पेटली, भावकी जमली. वनमाला गळाभर सोनं घालून आली. केशरबाईंनी खुर्ची बरोबर मध्यात मांडली, पदर सारखा केला, पायांवरची धूळ झटकली.

"आरोही, ये बाळा. आजीला काय करायचं?"

पोरगी तंबूतून पळत निघाली. खुर्चीजवळ आली, खुर्चीच्या बाजूनं गेली, आणि थेट आगटीपाशी कणसं भाजत बसलेल्या सुभद्राचं राखेनं माखलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग स्वतःच्या कानशिलांवर मुठी नेऊन म्हणाली, "कट कट कट!"

सगळे खदखदून हसले. वनमालानं तर टाळीच वाजवली.

"आक्का, नात लई हुशार हाय बरं का. आजी कोन, बराबर वळखलं!"

केशरबाई हसल्या नाहीत.

"सुभद्रे, इकडं ये. तुजंच आयकती ना पोरगी? मग दाव तिला पाया कसं पडतेत. पड माज्या पाया."

सुभद्रा उठली. "बाईसाब, म्या..."

"पड."

"आगं, वयानं मोठी हाय ती," मोहनराव हळूच म्हणाले. "मोठ्यानं वाकू न्हाई. पाप लागतंय."

"तुमी हुरडा खावा."

"आई, काय चाललंय हे?" शिवशंकर पुढे झाला.

"तुज्या लेकीला शिकवायलेय. तू शिकवलं असतंस तर ही पाळी आली नसती."

सुभद्रानं डोक्यावर पदर घेतला, गुडघे टेकले आणि केशरबाईंच्या पायांवर कपाळ ठेवलं.

"बगितलंस का गं? न्हाई, पोरीचं ध्यान नव्हतं. पुन्ना."

सुभद्रा पुन्हा वाकली. आता कुणी हसत नव्हतं. गोरी तिच्या भाषेत मोठ्यानं काहीतरी बोलली; शिवशंकरनं तिचाच दंड धरला.

"पुन्ना."

तिसऱ्यांदा वाकलेल्या सुभद्राला उठवेना. एक हात मातीत टेकून, दुसरा हवेत धरून ती आधार शोधत राहिली. एवढी भावकी उभी होती, कुणी हलेना. आरोही आली. सुभद्राच्या शेजारी गुडघे टेकले आणि आजीच्या पायांवर कपाळ ठेवलं. पाठ अगदी जशी हवी तशी वाकलेली. मग खालूनच विचारलं, "आता ही आजी उठू दे?"

केशरबाईंनी वनमालाकडे मान वर करून पाहिलं. वनमालानं नजर आगटीत घातली. मग केशरबाईंनी नातीवरून हात फिरवायला तळवे पुढे केले, तोवर पोरगी सुभद्राचा हात ओढत मागे सरकली होती.

दुपारीच गोरीनं तंबू उतरवले. सुभद्रानं तवा घासून पालथा घातला, चपला हातात घेतल्या आणि बांधाबांधानं गेली. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही. केशरबाईंनीही निरोप धाडला नाही.

पाहुणे घरात होते तोवर आरोही आजी दिसली की वाके. उठल्यावर, जेवताना, अंगणात. केशरबाईंनी गल्लीभर सांगितलं. पण एकदा त्या म्हणाल्या, "पुरं गं. बस की माज्यापाशी." पोरगी वाकली आणि आईकडे पळाली.

आता रविवारी फोन येतो, तोंड दिसणारा. शिवशंकर पलीकडून हाक मारतो, "आरोही, आजी आहे." पोरगी येते, फोनसमोर वाकते. काचेत नुसता मधला भांग दिसतो आणि दोन पिवळ्या पिना. मग तेही जातं आणि मागची भिंत उरते.

"वर बग की गं," केशरबाई भिंतीला म्हणतात. "तोंड तर दाव."

परवा त्यांनी फोनच्या काचेवरून दोन्ही तळवे फिरवले, कानशिलांवर नेले. बोटं कडाकडा मोडली. काच तोवर काळी झाली होती.

"कुनाचा फोन व्हता?" ओसरीवरून मोहनरावांनी विचारलं.

"नातीचा." केशरबाईंनी पदर सारखा केला. "पाया पडली."