पहिल्या आवृत्तीतले नाव

माघातले कोवळे ऊन ओसरीवर उतरले की कमलबाई जुन्या पुस्तकाचे पान त्या उजेडात तिरपे धरीत आणि मागच्या बाजूने बोट फिरवीत. शिशाच्या अक्षर-खिळ्यांनी केलेल्या छपाईचा सूक्ष्म उठाव त्या बोटाला असा कळे, जसा तांदूळ निवडणाऱ्या हाताला खडा.

चिमूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई मुलांच्या जुन्या पुस्तकांची पहिली आवृत्ती अचूक ओळखीत. हा छंद त्यांना जडला तो एकाच पुस्तकापायी. त्यांची थोरली बहीण इंदू एटापल्लीला शिक्षिका असताना तिने रानातल्या गोष्टींच्या एका पातळ पुस्तकासाठी चित्रे काढली होती. पहिल्या आवृत्तीत तिचे नाव होते. पुढच्या आवृत्त्यांतून ती ओळ गळली, आणि घरातली एकुलती एक प्रत कुणी वाचायला नेली ती परत आलीच नाही. मग ती चिमूरला घरी आली की आळीत कुणी ना कुणी विचारी, "चित्रं तूच काढली म्हंते, तं नाव काऊन नाई?" त्या प्रश्नापुढे इंदू संध्याकाळच्या फुलासारखी मिटत गेली. रंगांना तिने पुन्हा हात लावला नाही, आणि तशीच, अबोल, ती गेली.

गेल्या हिवाळ्यात घुग्घुसच्या एका रद्दीच्या दुकानात, कोळशाच्या धुळीने काळवंडलेल्या गठ्ठ्यात, बाईंची जुनी विद्यार्थिनी असलेल्या मला ते पुस्तक सापडले. आवृत्तीची नोंद असलेले पान फाटून गेले होते. मी ते बाईंपुढे ठेवले. त्यांनी दोऱ्याची शिवण पाहिली, अक्षरे चाचपली, तरी त्यांची खात्री पटेना. मोराच्या चित्रापाशी मात्र त्यांचे बोट थांबले. पिसाऱ्याचा हिरवा रंग रेषेबाहेर सांडला होता.

"पहिलीच हाये ही," त्या म्हणाल्या. "हा रंग पाहून इंदू दिवसभर रडली होती. 'माहा मोर बिघडवला' म्हने. दुसऱ्या खेपेले छापखान्यावाल्यायनं ठसा सुधरवला."

मी चिकटून बसलेले शेवटचे पान हलकेच सोडवून उलटले. 'चित्रे : कु. इंदू', आणि पुढे वाळवीने पाडलेले भोक. आडनाव गेले होते. मी खट्टू झाले, बाई हसल्या.

"राहू दे. मी तं तिले इंदूच म्हनत होती. तू वाच ना मोठ्यानं. परक्या तोंडून आयकू दे मले."

मी वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले, आणि तिसऱ्यांदा ऐकताना डोळ्यांना पदर लावला.

मग पुस्तक छातीशी धरून त्या आळीत निघाल्या. ज्यांनी ज्यांनी विचारले होते, त्यांच्या दारी. एका घराला कुलूप होते, दुसऱ्यात नवे बिऱ्हाड. विचारणारे सारेच काळाच्या पल्याड गेलेले. तरी प्रत्येक दारापाशी त्या क्षणभर थांबल्या, पान उघडले, आणि हळू आवाजात बहिणीचे नाव वाचले. आठवण म्हणजे बहुधा एवढेच असावे: ऐकणारे कुणी उरले नसतानाही, गेलेल्या माणसाचे नाव नीट उच्चारीत राहणे.