अध्यक्षांचे सत्तर किलो

फ्लाइंग क्लबात एक रीत होती. साध्या प्रवाशाला काट्यावर उभं करायचं. पदाधिकाऱ्याला मात्र नुसतं वजन विचारायचं आणि तो सांगेल त्यावर मान डोलवायची. अध्यक्षांना काट्यावर चढवणं म्हणजे त्यांची झडती घेण्यासारखं. अध्यक्ष वर्षानुवर्षं ‘सत्तर’ सांगत. पोट सुटलं, खुर्ची रुंद करून घेतली, सत्तर जागचे हलले नाहीत.

त्या सकाळी ते आपल्याच मापाचे दोन मित्र घेऊन आले. “हे दोघंही सत्तरच,” त्यांनी परस्पर सांगून टाकलं.

पायलटने तिघांकडे पाहिलं, मग त्या एवढ्याशा चार आसनी विमानाकडे.

“साहेब, टाकीही फुल आहे. एकेक करून फिरवून आणू का?”

“का रे? आम्ही काय पोती आहोत?”

मित्र खो खो हसले. पायलटही हसला. तिथेच तो फसला.

विमान धावपट्टी संपता संपता कसंबसं उठलं, कुंपण ओलांडलं आणि पुढे चढेचना. पलीकडच्या कोबीच्या शेतात पोटावर आपटलं. पायलटचा पाय मोडला, अध्यक्षांचा खांदा. मित्र अंगावरची माती झटकत उठले आणि श्वास जागेवर यायच्या आत म्हणाले, “पायलट कच्चा होता.”

इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी, मध्ये एक पडदा. पडद्याआडून अध्यक्ष कण्हत म्हणाले, “चौकशीला अधिकारी येतोय. वारा पडला म्हणून सांग. वजनाबद्दल ब्र काढलास तर तुझ्या लायसन्सचं मी बघतो.”

पायलटची बायको उशाशी होती. “ऐकलंत? विमानातून पाडून पोट भरलं नाही ह्यांचं,” ती म्हणाली.

“हळू बोल गं. लायसन्स गेलं तर मी करू काय? दुसरं येतं काय मला?”

चौकशी अधिकारी येऊन स्टुलावर बसले, तेवढ्यात पलीकडे भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या.

“वजन किती, काका?”

“सत्तर.”

“हे बघा, औषध त्या हिशेबाने देईन. कमी पडलं तर मध्येच जागे व्हाल आणि खांदा उघडा दिसेल.”

पडद्याआड खाट करकरली.

“एकशे अठरा,” अध्यक्ष म्हणाले. “जरा हळू लिहा.”

पायलटची बायको ताडकन उठली. “ऐकलंत ना साहेब?”

“ऐकलं.” अधिकारी पायलटकडे वळले. “हे तुम्हाला माहीत होतं?”

वारा पडला म्हणायची हीच वेळ होती. पायलटने पडद्याकडे पाहिलं, प्लास्टरमधल्या पायाकडे पाहिलं. भीतीलाही कंटाळा येतो कधीतरी.

“डोळे आहेत ना मला. दिसत होतं. मागचे दोघेही तसलेच. काट्यावर चढा म्हणायची हिंमत झाली नाही.”

“खरं बोललात, बरं वाटलं,” अधिकारी मनापासून म्हणाले. “आता लायसन्स रद्द करायला सोपं जाईल. दिसत असून उडवलंत.”

“आणि ह्यांचं काय?” बायकोने पडदा खस्सकन ओढला.

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले होते. भूल अजून दिलेली नव्हती.

“बाई, ते प्रवासी,” अधिकारी उठत म्हणाले. “त्यांच्याकडे लायसन्सच नाही. काढून काय घेऊ?”