हर्नियाचा पट्टा

ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट कुकमध्ये, भाड्याच्या घरात, हॉलमधला सोफा भिंतीला ढकलून निमिष साठे दोरीशिवाय दोरीवरच्या उड्या मारत होता. कमरेला, टी-शर्टच्या आत, पिस्तूल लपवायचं होल्स्टर होतं. पिस्तूल नव्हतं. पिस्तूल त्याने आयुष्यात फक्त दिवाळीत धरलं होतं, तेही टिकल्यांचं, आणि तेव्हाही त्याचे कान बहिणीने झाकले होते.

"दिसतंय का?" त्याने उड्या मारतच विचारलं.

"मेट, दोनच शंका येतात," सोफ्यावर मांडी घालून मॅगी खाणारा कुशल म्हणाला. "एक तर तू बँक लुटायला निघालायस, नाहीतर तुला एका बाजूने दिवस गेलेत."

कुशल म्हणजे घरातला दुसरा भाडेकरू, आणि या देशात निमिषचं गुपित ठाऊक असलेला एकमेव मित्र. गुपित त्या होल्स्टरमध्येच होतं: अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, जाड मार्करएवढं.

मार्चमध्ये पार्कात कोणाच्या तरी वाढदिवसाला निमिषला मधमाशी चावली होती. आधी तळहात खाजले, मग ओठ सुजले, मग श्वास घशापर्यंत येऊन परत जायला लागला, दाराला कुलूप बघून पाहुणा परत जातो तसा. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. हे इंजेक्शन कायम जवळ ठेव, आणि ज्यांच्यासोबत असशील त्यांना सांगून ठेव.

पहिली गोष्ट निमिषने मनावर घेतली. दुसरी आईने घेऊ दिली नाही.

"नुपूरकडे अवाक्षर काढू नकोस हां," आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "माशी चावली की मरणारा जावई कोण पत्करेल? लग्न होऊ दे, मग सांग. तुझ्या बाबांनी दम्याचं मला तुझ्या मुंजीत सांगितलं."

"आई, नुपूरचे बाबा मधमाश्या पाळतात."

आईने फोन डोळ्यांजवळ आणला.

"मग तर मुळीच सांगू नकोस," ती म्हणाली.

तर असा हा पेच होता. दर शनिवारी सकाळी निमिष नुपूरबरोबर खाडीकाठी धावायचा. धावून झालं की तिच्या घरी चहा. घराच्या मागे पेट्या, पेट्यांत माश्या. आतापर्यंत थंडी होती, माश्या पेट्यांत आणि निमिष जिवंत होता. आता ऑक्टोबर उजाडला. झुडपं फुलली. लोक म्हणत होते काय सुंदर वसंत आहे, आणि निमिषला रस्त्याकडेचं प्रत्येक फूल सुपारी घेतलेल्या गुंडासारखं दिसत होतं.

इंजेक्शन खिशात ठेवून धावलं तर ते मांडीवर टपाटप आपटायचं आणि दिसायचं. छोटी बॅग घेतली तर नुपूर विचारणार, यात काय. मग एका रात्री त्याला कळलं की हा प्रश्न अमेरिकेने कधीच सोडवलाय. तिथले लोक धावताना, व्यायाम करताना कपड्यांच्या आत पिस्तूल बाळगतात, आणि ते हलू नये, दिसू नये म्हणून पट्टे विकत घेतात. ऑस्ट्रेलियात असलं काही कमरेला लावून फिरलं तर धावणं संपून पोलीस ठाण्यातलं बसणं सुरू होतं, म्हणून दुकानात विचारायची सोय नव्हती. निमिषने ऑनलाइन मागवलं. त्याआधी कंपनीच्या मदतनिसाशी चॅटही केलं.

"सर, तुमचं कॅलिबर काय?"

निमिषने इंजेक्शन उलटंसुलटं करून बघितलं. "शून्य पॉइंट तीन मिलिग्रॅम."

"हे मॉडेल आमच्याकडे नोंदलेलं नाही, सर. पण आपली सुरक्षा हेच आमचं ध्येय."

तीन प्रकार आले. घोट्याला बांधायचं होल्स्टर पहिल्याच उडीत पावलावर उतरलं. दुसरा नुसता इलॅस्टिकचा पोटपट्टा होता. मऊ, सुखाचा, बिलकुल न दिसणारा. पण बर्पीच्या उठबशा-उड्या मारताना त्यातून इंजेक्शन सटकलं आणि सोफ्याखाली गेलं. ते काढेपर्यंत निमिषला दरदरून घाम फुटला. हेच खाडीकाठी झालं असतं तर? तिसऱ्यात कडक प्लास्टिकचं खोकं होतं, त्याला कुलूप. अंगठ्याने बटण दाबायचं, मगच वर ओढायचं. बटण न दाबता ओढलं तर कुलूप आणखी घट्ट बसतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हल्लेखोराने कितीही जोर लावला तरी निघणार नाही! इंजेक्शन आत खुळखुळायचं, म्हणून कुशलने त्याभोवती योगा मॅटचा तुकडा कोंबून दिला.

"आणि तू ओढलंस तर?" कुशलने विचारलं.

"मी काय हल्लेखोर आहे का?"

"भावा, तिला सांगून टाक. इतका खटाटोप तर माणूस दुसरी बायको लपवायलाही करत नाही."

निमिषने ऐकलं नाही. ढगळ टी-शर्ट घातला की ते दिसत नव्हतं, हलत नव्हतं. तेच त्याने निवडलं.

शनिवारी ऊन होतं. नुपूर सहज धावत होती. निमिष कान देऊन धावत होता. कोणाच्या तरी लॉनवर गवत कापायचं यंत्र सुरू झालं तसा त्याचा हात कमरेकडे गेला. कोणी पोर ड्रोन उडवत होतं, हात पुन्हा कमरेकडे. समोरून येणाऱ्या एका गोऱ्या आजोबांनी त्याचा हात बघितला आणि कुत्र्यासकट रस्ता बदलला.

"काय आहे रे कमरेला?" नुपूर थांबली.

"हर्नियाचा पट्टा." हे वाक्य त्याच्या तोंडून त्याच्याआधी धावत बाहेर पडलं.

"हर्निया? आणि तू धावतोस?"

नुपूर फिजिओथेरपिस्ट होती. हे निमिषला ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं मात्र नाही.

"कुठल्या बाजूचा? कधीपासून? कोणाला दाखवलंस?"

"आमच्याकडे खानदानी आहे," निमिष म्हणाला.

नुपूरने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "चल, घरी चालत जाऊ," ती म्हणाली, आणि उरलेला रस्ता त्याच्या दोन पावलं पुढे चालली. निमिषला वाटलं होतं की खोटं बोललं की भीती कमी होते. आता दोन भीती झाल्या.

घरी नुपूरचे बाबा, मुरलीधरकाका, हाफ पँट आणि स्लिपरवर, मागच्या अंगणात पेटी उघडून उभे होते. ना जाळी, ना हातमोजे. "माझ्या ओळखीच्या आहेत त्या," ते म्हणायचे.

"ये, निमिष! राणी दाखवतो."

"काका, मला वाकता येत नाही. हर्निया आहे."

"वाकायचंय कुठे? नुसतं बघायचं."

निमिष कपडे वाळत घालायच्या गोल स्टँडमागे सरकला. काकांची एक लुंगी मध्ये ढालीसारखी लटकत होती. हवेत बारीक गुणगुण होती, दुरून कोणी आरती म्हणावी तशी.

"भिऊ नकोस हां," काका म्हणाले. "त्यांना भीतीचा वास येतो."

हे ऐकून न भिणारा माणूस अजून जन्माला यायचाय. लुंगीच्या काठावरून एक माशी आली, त्याच्या कॉलरवर उतरली, थोडी चालली. निमिषने श्वास रोखला. मग मानेवर बारीकसा चटका बसला. एवढाच.

तळहात खाजायला लागले.

त्याने टी-शर्ट वर केला आणि ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. बटण, अंगठा, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं, पण डोक्यापासून हातापर्यंतचा रस्ता बंद झाला होता. तो जितका ओढत होता तितकं कुलूप घट्ट बसत होतं. मग बटण सापडलं आणि दाबलंही. पण ते आता हलेना, आणि घामाने फुगलेला योगा मॅटचा तुकडा आतून इंजेक्शनला कवटाळून बसला होता. कोणताही हल्लेखोर निमिषकडून निमिषचा जीव हिसकावून घेऊ शकत नव्हता. निमिषसुद्धा नाही.

"निमिष? अरे, तोंड बघ तुझं!" नुपूर धावत आली.

त्याने ओठ हलवले. ओठ कोणा दुसऱ्याचे होते. सांगायला लागणार होतं, तेही आत्ता, उरलेल्या एवढ्याशा आवाजात.

"हर्निया नाही," तो घरघरला. "माशी... अ‍ॅलर्जी... आत इंजेक्शन."

नुपूरने एकही प्रश्न विचारला नाही. त्याला गवतावर आडवं केलं. "बाबा, पट्टी!" काकांनी पेटी उघडायची लोखंडी पट्टी घेऊन झेप घेतली, पट्टी खोक्याच्या फटीत घातली आणि सगळा भार दिला. निमिषला वर निळं आभाळ दिसत होतं, आणि आभाळ घशाएवढंच अरुंद होत चाललं होतं. आईचा चेहरा आठवला. मग तर मुळीच सांगू नकोस.

कडाड् आवाज झाला. प्लास्टिक फुटलं. नुपूरने टोपण उपसलं आणि केशरी टोक शॉर्ट्सवरूनच त्याच्या मांडीत दाबून धरलं. काका फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सला पत्ता सांगत होते आणि मधेमधे, कोणाला कोण जाणे, "ओळखीच्या होत्या हो," असं म्हणत होते.

श्वास आधी एक आला. मग, इकडेतिकडे बघून, दुसरा.

इस्पितळात त्याला देखरेखीखाली ठेवलं. नुपूर खुर्चीवर बसली होती, हातात होल्स्टरचा फुटका तुकडा. निमिषच्या ओठांची सूज उतरली होती, आणि तो त्या तुकड्याकडे बघत होता. मधमाशी एवढी घाबरवत नाही जेवढी समोर बसलेली, न बोलणारी माणसं घाबरवतात.

"बाबा पेट्या हलवतायत," शेवटी ती म्हणाली. "त्यांच्या मित्राच्या शेतावर."

"आणि आपलं?"

"पेट्या हलवणं सोपं आहे." तिने तो तुकडा बाजूला ठेवला. "मेला असतास रे. माझ्या हातात. आणि मी डॉक्टरला सांगितलं असतं की याला हर्निया होता."

तेवढ्यात नर्स आली. तपासता तपासता तिने हसून विचारलं, आणखी काही आजार? आम्हाला ठाऊक असावं असं काही?

निमिषने नुपूरकडे बघितलं. ही भीती वेगळी होती; हिच्यावर इंजेक्शन नव्हतं.

"डावा गुडघा दुखतो," तो सांगायला लागला. "झोपेत बोलतो. वडिलांना दमा आहे, आईला माहीत नव्हतं. शेंगदाणे चालतात. उंचीची भीती वाटते. कुत्र्यांची पण, छोट्या. केस गळतायत, हा भांग मुद्दाम असा पाडतो."

नर्स मान डोलवत राहिली. तिला एक अक्षर कळत नव्हतं. तो मराठीत बोलत होता.

"अजून?" नुपूरने विचारलं.

"तुझी भीती वाटते. आत्ता सगळ्यात जास्त."

नुपूरने खुर्ची पुढे ओढली नाही. मागेही सारली नाही. ती नर्सकडे वळली आणि त्याचं एकेक वाक्य, भांगासकट, इंग्रजीत सांगायला लागली. स्वतःबद्दलचं तेवढं वगळलं.

"अँड नो हर्निया," शेवटी ती म्हणाली. "प्लीज, तेवढं नक्की लिहा."