अक्रोडाचं स्टिअरिंग

"रेडिओ मूळचा. घड्याळही मूळचं," तपासनीस गाडीच्या आतून म्हणाला. "काका, पुढचे जादा दिवे कधी बदलले होते का?"

"कुणाची छाती होती हात लावायची?" मिस्त्री म्हणाले.

इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणे लावून ते गॅरेजमध्ये खुर्चीवर ताठ बसले होते. हा माणूस कोण, हे सकाळपासून त्यांनी बायकोला पुन्हापुन्हा विचारले होते. पण गाडीचा विषय निघाला की आवाज पूर्वीसारखा खणखणीत होई. ऐकणाऱ्याला वाटावे, ह्यांना काही झालेलेच नाही.

बाई दारात उभ्या होत्या. घर सोडायचे ठरले होते. एकटीने त्यांना सांभाळणे आता होत नव्हते, म्हणून धाकट्या बहिणीच्या शेजारी दोन खोल्यांची जागा घेतली होती. तिसऱ्या मजल्यावर. तिथे गाडी कुठे ठेवणार?

मिस्त्रींनी पंपांच्या कारखान्यात लेथपुढे उभा जन्म काढला आणि त्या जन्मातले सगळे रविवार ह्या दोन सीटच्या लाल गाडीत घातले. भंगारातून ओढून आणली तेव्हा तिचे नाकाड चेपलेले होते. घरात नाही दाणा आणि मला श्रीमंत म्हणा, असे म्हणून शेजारी हसले होते. मिस्त्रींनी मनावर घेतले नाही. डोके ठिकाणावर होते तोवर ते एकच सांगत, "हिला विकायची नाही. संग्रहालयात जाऊ दे. चार लोक बघतील."

संग्रहालय घ्यायला तयार होते. अट एकच होती. ही गाडी पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा तिच्यावर जे जे जादा सामान चढवलेले होते, ते सगळे गाडी बनवणाऱ्या कारखान्याचेच असले पाहिजे. तेवढेच पडताळायला हा माणूस आला होता.

"आता शेवटचं. अक्रोडाच्या लाकडाचं स्टिअरिंग." त्याने मधली टोपी अलगद उचकटली, आत टॉर्च मारला. "हा बघा शिक्का. कारखान्याचाच." मग त्याने लाकडी कडेवरून हात फिरवला आणि जरा वेळ तिथेच ठेवला. "काकू, इतकं चांगलं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. बहुतेकांचं तडकलेलं असतं."

"असलं काम घरी होतं होय?" मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "कारखान्याचंच आहे ते."

बाई दारातून एक पाऊल आत आल्या.

शिक्का खरा होता. मधला लोखंडी भाग तेवढा भंगारातून शाबूत आला होता. कड मात्र मोडून गेली होती. ती मिस्त्रींनी केली, मुलगी गेली त्या वर्षी. जन्मून आठवडाही झाला नव्हता तिला. पाळणा वापरण्याआधीच परत द्यावा लागला. त्यानंतर घरात बोलणे असे उरलेच नाही. मिस्त्री कामावरून येत, हातपाय धुवत आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लाकूड तासत. बाई भिंतीला टेकून बघत राहत. मग उठून भुसा झाडत. तो रडला नाही, तीही त्याच्यासमोर रडली नाही. पुष्कळ लाकूड वाया गेले. अखेर एक कड अशी गोल जुळली की जोड बोटाला लागेना. तेव्हा त्याने ती तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "बघ गं, कुठे बोचते का." त्या दिवसापासून दोघे पुन्हा बोलू लागली.

आता मुलगीही त्यांच्या आठवणीत नव्हती. कधीतरी बाईंनी नाव काढले, तर कुणा शेजाऱ्याचे दुःख ऐकावे तसे ते ऐकत.

तपासनिसाने पेन काढले. गप्प राहिले की काम होणार होते. गाडी जिथे जावी असे मिस्त्रींना वाटत होते, तिथे जाणार होती. आणि ही कड कायमची कारखान्याची होणार होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ते लाकूड मूळचं नाही. यांनी केलंय."

"कुणी?" मिस्त्रींनी विचारले.

"तुम्ही."

"काहीतरीच काय."

तपासनीस दोघांकडे बघत राहिला. "काकू, मला हे कळलं नसतं."

"माहीत आहे मला."

"मग तसं लिहावं लागेल. ते लोक बहुधा नाही म्हणतील."

"लिहा. पण कुणी केलं, तेही लिहा."

"त्याला जागा नाही हो यात," तो म्हणाला. मग थोडा घुटमळला आणि कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहू लागला.

संग्रहालयाने नकार कळवला. भाषा गोड होती. पुढे दातांच्या एका डॉक्टरने गाडी घेतली. माणूस बरा होता, फार घासाघीस केली नाही. न्यायला आला तेव्हा मिस्त्री आधीच गाडीत जाऊन बसले होते. बाई खिडकीशी गेल्या. मिस्त्री अंगठा लाकडावरून सावकाश फिरवत होते, पुढे नेत होते, मागे आणत होते.

"अगं, हे बघ. जोड सापडत नाही कुठे. कुणी केलं असेल?"

"होता एक कारागीर."

"हात बसलेला दिसतो. आहे का अजून?"

"आहे," बाई म्हणाल्या. "थकलाय जरा."

मिस्त्रींनी मान डोलावली. "भेटला तर सांग त्याला. फार चांगलं केलंय म्हणावं."

"सांगते," त्या म्हणाल्या, आणि दार उघडून त्यांना उतरवायला हात पुढे केला.