हौदात विझलेला कंदील

मंगळवारी दुपारी मी शेजारच्या रानात विहिरीचा गाळ काढत होतो. शालूबाई अनवाणी पळत आली. वरून ओरडली, "दाजी, वर या. मंगल गेली."

मंगल माझी बायको. ती आणि शालूबाई, दोघी लालासाहेबाच्या शेडात कामाला होत्या. तिथं कोकणातून ट्रकनं कोळंबीची टरफलं येतात. जमिनीत बांधलेल्या खोल हौदात ती ॲसिडमध्ये टाकतात. वर फेस येतो. पुढं त्यापासून द्राक्षावर फवारायचं औषध होतं. हौद उपसला की तळाचा गाळ बायका उतरून काढतात.

मी पोचलो तेव्हा तिला दोरानं वर ओढली होती. डोळे उघडेच होते. गालाला टरफलं चिकटली होती.

काठावर आमच्या घरचा कंदील पडला होता. विहिरीत उतरायच्या आधी आम्ही कंदील सोडून बघतो. विझला तर खाली श्वास घ्यायला हवा नाही, उतरायचं नाही. मीच तिला हे सांगितलं होतं.

"तिनं सोडला हुता," शालूबाई म्हणाली. "इझला. मालक म्हणला, वाऱ्यानं इझला असंल. ट्रक येऊन उभा हाय, उतर."

लालासाहेब खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. मी त्याची मान धरून हौदापाशी फरफटत आणला. कंदील पेटवून सोडला. दोन हात खाली गेला आणि विझला.

"काचंतल्या कंदिलाला वारा लागतो व्हय रं?"

"आकाराम, गड्या, ती सोताच उतरली."

मी त्याचं तोंड सिमेंटवर आपटलं. दोन दात पडले. पुन्हा कंदील सोडला. पुन्हा विझला.

"वारा हाय का?"

"न्हाई! न्हाई वारा! मीच उतरवली तिला!"

तरी मी त्याला कमरेपर्यंत हौदात लोंबकळत धरला. तो पाय झाडत होता. मग थांबला. शालूबाई माझ्या दंडाला कडाडून चावली.

"वडा वर त्याला! ह्यो मेला तर खरं कोण सांगंल?"

मी ओढला. तो जगला. चौकीत त्यानं सांगितलं, बाई स्वतःच्या मनानं उतरली. माझ्यावर मारहाणीची केस झाली.

शालूबाई अजून त्याच शेडात जाते. साक्ष देण्याचं विचारलं की म्हणते, "दाजी, मला तितंच काम करायचंय."

मंगलनं कंदील सोडला होता आणि तो विझला होता, हे अजून कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.